उभी काकू

ऑडिटच्या दिवशी आमच्या फिनिशिंग विभागातल्या सगळ्या बायका खुर्चीवर बसलेल्या असायच्या आणि काकू एकटी उभी असायची. टेबलाला पोट टेकवून, मनगटाला दोरीनं बांधलेली छोटी कातर चालवत ती शर्टामागून शर्ट उलटत राहायची. तिच्या मागे पांढरं कव्हर घातलेली एक खुर्ची रिकामी. बाहेरून आलेले तपासनीस आधी त्या खुर्चीकडे पाहायचे, मग काकूकडे आणि मग माझ्याकडे. मी हसायचो. कंपनी मला त्यासाठीच पगार देत होती.

मी अकोल्याचा. समाजकार्याची पदवी घेतली आणि अमरावतीबाहेर हायवेला लागून असलेल्या या शर्टांच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर म्हणून लागलो. शर्ट युरोपातल्या एका बड्या ब्रँडचे. ते शिवायचे इथल्या बायकांनी, धागे कापायचे इथल्या बायकांनी, आणि कामगारांच्या सन्मानाबद्दलची गुळगुळीत पुस्तकं छापून यायची तिकडून. ब्रँडची माणसं वर्षातून दोनतीनदा तपासायला येत. आदल्या दिवशी भिंतींना रंग, संडासात साबण, आणि त्या सकाळी फाटकावर बिछायत केंद्राची गाडी. लग्नाच्या मांडवात असतात त्याच खुर्च्या. एकदा तर पाठीला निळ्या फितींची फुलं बांधलेली तशीच आली. फिती सोडायचं काम माझं. संध्याकाळी पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की तासाभरात खुर्च्या परत जात, कारण केंद्रवाल्याला त्या दुसऱ्या कुठल्या तरी वरातीला लावायच्या असत. बायका पुन्हा उभ्या.

पहिल्या ऑडिटला मी काकूजवळ जाऊन हळूच म्हणालो, "काकू, बसा ना. आज बसायला परवानगी आहे."

तिनं मान वर केली नाही. "आज बसली तं उद्या पाय इचारतीन, कालची खुर्ची कुठी गेली? मंग मी त्याईले काय सांगू? तू येशीन काय सांगाले?"

मी गेलो नाही सांगायला. पण त्या दिवसापासून तिनं माझं नाव वेल्फेअर ठेवलं. चारचौघांत मला सगळे सर म्हणत, काकू लांबूनच हाक मारायची, "काय रे वेल्फेअर, जेवला काय?" आणि बायकांनी तिचं नाव उभी काकू ठेवलं. तशा तिथल्या चाळीसही बायका वर्षभर उभ्याच होत्या, पण न बसण्याचा मान हिचा.

मशीनवर शिवणाऱ्या बायकांना स्टूल होतं, कारण उभ्यानं मशीन चालत नाही. धागे कापणाऱ्या आणि शर्ट तपासणाऱ्या बायका मात्र शिफ्ट संपेपर्यंत उभ्या. उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय असावी असं कारखान्याच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, हे मी नवा असताना एचआरच्या साहेबांना दाखवलंही होतं. ते आपल्या फिरत्या खुर्चीत अर्धे वळले आणि म्हणाले, "बसलं की हात ढिला पडतो." एवढं बोलून पुन्हा पूर्ववत वळले. त्या खुर्चीला खाली चाकं होती, डोकं टेकायला उशी होती. त्या दिवशी मी चहा न पिता बाहेर आलो. माझं सगळं बंड तेवढंच.

काकूचं बंड म्हणजे एक अर्धी वीट. कुठल्याशा बांधकामावरून तिनं ती आणली होती, कापडाच्या चिंधीत गुंडाळून टेबलाखाली ठेवली होती. थोडा वेळ डावा पाय विटेवर, थोडा वेळ उजवा. त्यानं कंबरेला उसंत मिळते हा शोध तिचा स्वतःचा. महिन्याभरात चाळीस टेबलांखाली चाळीस अर्ध्या विटा आल्या, प्रत्येकीची चिंधी वेगळ्या रंगाची. सुपरवायझर एकदा टिंगलीनं म्हणाला, "काकू, विठोबा झाल्या काय?" काकूनं शर्ट उलटता उलटता सांगितलं, "त्याले दोनी हात कमरेवर ठेवता येते. मले ठेवून दाखव." पुढे कितीतरी दिवस तो तिच्या टेबलाकडे फिरकला नाही. पण ऑडिट आलं की शिपाई पोतं घेऊन यायचा आणि सगळ्या विटा गोळा करून न्यायचा. जमिनीवर पडलेली वीट कामगाराच्या सुरक्षेला धोका असते, असं ब्रँडच्या पुस्तकात होतं. खुर्ची यायच्या आधी वीट जायची. बायका दुसऱ्या दिवशी पुन्हा वीट शोधत.

तिचे डोळे धाग्यावर इतके बसले होते की सुटीच्या दिवशीही तिला माणसाआधी त्याच्या कपड्याचा लोंबता धागा दिसायचा. राजापेठेत एका शिकवणीच्या क्लासवर माझी खोली होती आणि तिथल्याच मागच्या वस्तीत तिचं घर, म्हणून आम्ही कंपनीच्या एकाच बसनं यायचो-जायचो. बोलता बोलता ती माझ्या बाहीचा धागा पकडायची, बोटाभोवती गुंडाळून एका झटक्यात तोडायची. म्हणायची, "कंपनीचा साहेब अन् धागे लोंबून राह्यले. रिजेक्ट करीन मी तुले." बसमध्येही ती दांडा धरून उभी असायची. जागा असली तरी. "आता बसली तं उतरतानी उठता येत नाई, बापा. पाय आयकत नाई मंग."

तिचा नवरा कधीच गेलेला होता. मुलगी वैशाली अकोल्याला होस्टेलवर राहून शिकत होती. ती हट्टाची. आई दिवसभर उभी असते असा तिला संशय होता. काकूनं मला बसमध्ये सांगितलेलं अजून आठवतं. "पोट्टी म्हनते, उभ्यानं काम असन तं कालेज सोडून मी येतो कामाले, तू घरी राह्य. मी सांगून देलं, मले खुर्ची हाय म्हनून. मस्त गादीवाली. तू कधी भेटला तं तूबी तेच सांगजो." मी बरं म्हणालो. खोटं बोलायचा मला सराव होताच. हे तर त्यातलं बरं खोटं होतं.

एकदा कंपनीनं धारणीकडे सीएसआरचा कार्यक्रम ठेवला. अपंगांना चाकाच्या खुर्च्या वाटायच्या होत्या. ब्रँडची एक बाई परदेशातून यायची होती. तिच्या कार्डावर हुद्द्यात जबाबदारी हा शब्दच होता. साहेब म्हणाले, कामगारांच्या वतीनं एखादी वयस्क बाई पाहिजे, साडीतली. मी काकूला नेलं. जीपनं घाट चढून, मग खडी उखडलेल्या रस्त्यानं एका कोरकू गावात पोचलो. तिथे बॅनर लागलेलं, हार, नारळ, भाषण. एका म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून फोटो काढला. फोटो झाल्यावर त्याची माणसं त्याला घराकडे ढकलू लागली, तर दहा पावलांवर पुढचं चाक दगडात रुतलं. थोडा वेळ खटपट झाली. मग एकानं म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं आणि दुसऱ्यानं खुर्ची डोक्यावर. दोघं टेकडी चढून गेले. पाहुणी बाई तोवर नारळपाणी पीत होती, आणि काकू तिच्या कोटाचा लोंबता धागा कातरीनं कापत होती. बाईला ते फार गोड वाटलं. तिनं काकूला मिठी मारली, त्याचाही फोटो निघाला.

परतताना जीपमध्ये काकूला नाइलाजानं बसावं लागलं. तिनं गुडघे चोळले. मग म्हणाली, "वेल्फेअर, आपल्या कंपनीकून खुर्ची पायजे असन तं पाय पुरा जावा लागते काय?"

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. त्या खुर्च्यांची, त्या बॅनरची, जेवणातल्या बासुंदीची मला इतकी शिसारी आली की वाटेत जीप थांबवून मी खरोखरच ओकलो. साहेबांनी घाटाची वळणं म्हणून माझी समजूत घातली. पुढच्या आठवड्यात त्या कार्यक्रमाचा अहवाल मीच लिहिला, आणि चांगला लिहिला.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला बरीच वर्षं लागली. ब्रँडच्या त्या बाईनं धारणीहून आल्यावर कारखाना पाहायची इच्छा दाखवली. तिला काकू आवडली होती. तिच्याबरोबर मुंबईचा फोटोग्राफर होता आणि त्याला वार्षिक अहवालासाठी काकूचा फोटो हवा होता, कामाच्या जागी, आरामात बसलेला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुझी ती काकू दर वेळी उभी राहून तमाशा करते. उद्या ती बसलेली दिसली पाहिजे. नाही दिसली तर तुझं कायम होणं मी बघतो." माझं प्रोबेशन संपायला आलं होतं. वडील अर्धांगानं अंथरुणाला होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विटा गेल्या, खुर्च्या आल्या, आणि मी काकूपुढे उभा राहिलो. एरवी ऑफिसात मी जपून शुद्ध बोलायचो. त्या दिवशी घरची बोली आपोआप निघाली. "काकू, एकदा बसा. माह्यासाठी. नाई बसल्या तं मले काढून टाकतीन."

तिनं कातर थांबवली. माझ्याकडे नीट पाहिलं. "बाप कसा हाय तुहा?"

"तसाच हाय."

काकू बसली. खुर्चीच्या पार काठावर, दोन्ही हात मांडीवर, दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहणारं माणूस बसतं तशी. फोटोग्राफरनं मागे टेकायला सांगितलं, ती टेकली. हसायला सांगितलं, तर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खरंच हसली. क्लिक झाल्याबरोबर ती उठली. "झालं काय तुह्यं काम?" एवढंच विचारून तिनं पुढचा शर्ट ओढला. मी कायम झालो. काकूचा फोटो त्या वर्षीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर आला, खाली इंग्रजीत सन्मान, आराम असले काही शब्द.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या डाव्या घोट्याच्या वर जखम झाली. आधी शिरा फुगून निळ्या झालेल्या होत्या, मग कातडी काळी पडली, मग फुटली. वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्यांना हे होतं, डॉक्टरनं तिला बसून काम करायला सांगितलं. तिनं सुपरवायझरला विचारलं, मला विचारलं, साहेबांना विचारलं. कोणी नाही म्हणालं नाही, सगळे बघू म्हणाले. तेव्हा तिनं संडासाच्या दाराला चिकटवलेल्या कागदावरच्या नंबरवर फोन केला. कामगारांनी बिनधास्त तक्रार करावी, नाव गुप्त राहील, असं त्या कागदावर आमच्याच भाषेत लिहिलेलं होतं. तो कागद मीच चिकटवला होता.

चौथ्या दिवशी तक्रार परदेशातून फिरून आमच्या ऑफिसात आली. नाव गुप्त होतं. फक्त विभाग, टेबल नंबर, वय आणि डाव्या पायाची जखम एवढंच लिहिलेलं होतं. उत्तराचा मजकूर साहेबांनी सांगितला आणि मी टाईप केला. फिनिशिंग विभागात सर्व महिलांना बसण्याची व्यवस्था आहे. पुरावा म्हणून सोबत छायाचित्र जोडत आहोत. तक्रार करणारी बाई त्याच छायाचित्रात खुर्चीला टेकून हसत होती. छायाचित्र मी जोडलं, माझ्या या बोटांनी. संध्याकाळपर्यंत तत्पर कार्यवाहीबद्दल आभाराचं पत्र आलं आणि तक्रार मिटली.

मग साहेबांनी काकूला केबिनमध्ये बोलावलं. मी दाराशी उभा होतो. साहेबांनी अहवाल टेबलावर आपटून विचारलं, "हे कोण बसलंय?"

एक वाक्य पुरलं असतं. याच्यासाठी बसली होती, असं म्हणून तिनं माझ्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी माझं पितळ उघडं पडलं असतं, कारण साहेबांची धमकी तिला सांगून मी विनवण्या केल्या हे मग त्यांना कळलं असतं. काकूनं फोटोकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलंच नाही.

"मीच हाय," ती म्हणाली.

"मग खुर्ची नाही म्हणून बोंब कशाला मारली?"

तिनं पुस्तक हातात घेतलं. साहेब पाच मिनिटं बोलत होते. ती ठेकेदाराच्या हजेरीवर होती, त्यामुळे काढून टाकायचं पत्रही लागलं नाही. उद्यापासून येऊ नको एवढंच. जाताना तिनं विचारलं, "हे पुस्तक मी घेऊन जाऊ काय? घरी दाखवाले." साहेबांनी हातानंच ने म्हटलं. ती हसतेय का रडतेय हे मला कळलं नाही, कारण मी जमिनीकडे पाहत होतो. माझ्याजवळून जाताना ती क्षणभर थांबली. माझ्या शर्टाच्या खिशाला एक धागा लोंबत होता. तिनं तो बोटावर गुंडाळून तोडला आणि बाहेर गेली.

मी नोकरी लगेच सोडली असं लिहायला मला आवडलं असतं. नाही सोडली. आणखी दोन ऑडिटं केली, ऐंशी वेळा खुर्चीचं कव्हर नीट केलं. बसमध्ये तिची जागा, म्हणजे दांड्याजवळची उभी राहायची जागा, रिकामी असायची. तिकडे पाहायचं टाळून मी मोबाईल बघत राहायचो. तिची वस्ती माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. बायकांकडून कानावर यायचं की ती आता घरोघरी पोळ्या करते. पोळ्या लाटणंही उभ्यानंच असतं. वडील गेल्यावर मी राजीनामा दिला आणि अकोल्याला परतलो. तोवर धाडसाची गरजच उरली नव्हती.

दोन वर्षांनी फिनिशिंगमधल्या एका बाईचा फोन आला. जखमेचं विष अंगात भिनलं आणि चार दिवसांत काकू गेली. रविवारी पुण्यानुमोदन आहे, या म्हणाली. या वेळी मी गेलो.

वस्तीतल्या गल्लीत मांडव टाकला होता. मांडवात खुर्च्या होत्या. कव्हरं नव्हती, फिती नव्हत्या, पण प्रत्येकीच्या पाठीवर त्याच बिछायत केंद्राचं नाव रंगानं लिहिलेलं. कंपनीतल्या बायका रांगेनं त्यांवर बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी माना हलवल्या. पुढे टेबलावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी काकूचा मोठा केलेला फोटो, त्याला पांढऱ्या फुलांचा हार. फोटोत काकू मागे टेकून हसत होती. तिच्या खांद्यामागे पांढऱ्या कव्हरची कड दिसत होती.

वैशाली माझ्याजवळ आली. शिक्षण पूर्ण झालं होतं, अकोल्यालाच नोकरीला लागली होती. "तुमी वेल्फेअर सर न? माय लय नाव काढत होती तुमचं." मग फोटोकडे पाहून म्हणाली, "मायचा हाच एक फोटो होता चांगला. कंपनीच्या पुस्तकावरून मोठा करून घेतला. आमी घरी तिले बसलेली कधी पायलीच नाई. मले वाटे, खुर्ची हाय म्हनून खोटंच सांगते. म्या कालेज सोडाचं पक्कं केलं होतं, बॅगबी भरली होती. मंग तिनं हा फोटो आणून माह्यासमोर ठेवला. तेव्हा भरोसा आला." तिनं विचारलं, "कंपनीत तरी बसाले भेटत होतं न सर तिले?"

रांगेतल्या बायका ऐकत होत्या. त्यांच्या पायांतल्या शिराही फुगलेल्या होत्या आणि त्यांना सगळं माहीत होतं. एकीनं पदर तोंडाला लावला. बाकीच्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"हो," मी म्हणालो.

वैशालीनं डोळे पुसले आणि शेजारची एक रिकामी खुर्ची माझ्याकडे सरकवली. म्हणाली, "बसा न सर, उभे काहून?"

मी बसलो.